पळतीचा मान

हळगुंजी, ता. खानापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. पारमिता,

तुझ्या बेळगावच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या पत्त्यावर लिहितोय. फोन केला होता, पण तू म्हणालीस, "अण्णा, जे काय असेल ते कागदावर पाठवा, फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही." हरकत नाही. मी पस्तीस वर्षं शाळामास्तर होतो. कागदाला मी भीत नाही.

यंदा आपल्या गावची महालक्ष्मीची यात्रा आहे. एकवीस वर्षांनी देवी गदगेवर, म्हणजे मांडवातल्या चौथऱ्यावर बसणार. घराघराला रंग लागलाय. आमचा रविराज बेंगळूरहून रजा टाकून येणार आहे. यात्रा कमिटीचं अध्यक्षपद गावानं माझ्या गळ्यात घातलंय, त्यामुळे हे पत्रही माझ्याच वाट्याला आलं.

तुमच्या घराकडे पळतीचा मान आहे. तुला ठाऊक आहे, तरी रीत म्हणून लिहितो. देवी मोठ्या घरची लेक. तुमच्या मूळपुरुषानं जात लपवून तिच्याशी लग्न लावलं. संसार झाला, लेकरं झाली. पुढे कुणीतरी तिला खरं सांगितलं, तेव्हा तिनं संतापून घर पेटवलं आणि तो पळत सुटला. शेवटच्या दिवशी आपण तेच करतो. गवताचं खोपट पेटवायचं, तुमच्या घरच्यानं त्यातून निघून शिवेच्या दगडापर्यंत पळायचं, मागे वळून पाहायचं नाही, आणि गावानं मागून शेणाचे गोळे टाकायचे. त्यानं त्या जुन्या फसवणुकीचं पाप फिटतं. मग शिवेच्या दगडावर त्याच्यासाठी नवं धोतर आणि नारळ ठेवला जातो.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. देवीच्या नवऱ्याचा मान आहे हा. शेणही गाईचंच घेतो, ते पवित्र असतं. तुझ्या वडिलांना, भीमाप्पाला, मुलगा नाही, तेव्हा मान यंदाही त्यालाच घ्यावा लागेल. आम्ही दोघं एका शाळेत शिकलो. माझा शब्द तो मोडणार नाही, पण हल्ली तो तुझ्याकडे राहतो आणि तुझ्याच सल्ल्यानं चालतो, असं ऐकतो. म्हणून तुला लिहिलं.

आमच्या सौ. मालुबाईचे गुडघे आता बरे आहेत. तुझी आठवण काढते.

तुझा,
परशराम अण्णा

*

बेळगाव
९ फेब्रुवारी २०२५

परशराम अण्णा,

पत्र मिळालं. अक्षर अजून वळणदार आहे.

तुम्ही आणि आप्पा एका शाळेत शिकलात हे खरं. तुम्ही बाकावर होतात, आप्पा दाराबाहेर पायरीवर. तेवढं लिहायचं राहिलं तुमच्याकडून.

आता मानाविषयी. हळगुंजीत मान पुष्कळ आहेत. पहिल्या नारळाचा मान, ओटीचा मान, रथाच्या दोरीला पहिला हात लावण्याचा मान. नारळासाठी तुमच्या दोन भावक्या कोर्टात गेल्या आणि सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. दोरीवरून तर डोकी फुटली. पण पळतीच्या मानासाठी आजवर कुणी भांडलं नाही, कुणी दावा लावला नाही. एवढा मोठा मान, साक्षात देवीच्या नवऱ्याचा, आणि तो आमच्या घरात बिनविरोध राहिला. तुमच्या गावाचा मोठेपणा पाहून मन भरून येतं. यंदा आम्ही तो आनंदानं सोडतो. रविराजला द्या. रजा टाकून येणारच आहे, आणि शेण पवित्र आहे.

तुमची गोष्टही मी नीट वाचली. देवी त्या माणसाबरोबर नांदली, लेकरं झाली, आणि इतक्या वर्षांत तिला त्याच्यात काही कमी दिसलं नाही. ती देवी होती, तरी दिसलं नाही. म्हणजे जात तोंडावर दिसत नाही, वागण्यात दिसत नाही आणि संसारात आड येत नाही, हे तुमच्याच गोष्टीत लिहिलेलं आहे. सुखाचा संसार चालला होता. आग लागली ती कुणीतरी येऊन चहाडी केल्यावर. शेण टाकायचंच असेल तर त्या चहाडखोराच्या वंशावर टाका. पण तो तुमच्यापैकी असणार, म्हणून त्याचं नाव कुणी जपून ठेवलं नाही.

मागच्या पळतीला मी चौदा वर्षांची होते. मी आप्पांना पळताना पाहिलंय. नंतर ते ओढ्यावर बराच वेळ बसले होते, आणि आईनं तो सदरा तीनदा धुतला तरी पाठीवरचा डाग निघाला नाही. आप्पांनी तो पुन्हा बाहेर घातला नाही. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय. धावणं त्यांना मना आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण भेटायला आला होतात तेव्हा मोसंबी तुम्हीच आणली होती. त्यात ते बौद्ध आहेत. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. कुणाचे नवरे व्हायची त्यांना हौस नाही.

मालुकाकूंना नमस्कार. त्यांचे गुडघे मी महिनाभर या दोन हातांनी दाबले, तेव्हा देवी कोपल्याचं ऐकलं नाही.

पारमिता

*

हळगुंजी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. पारमिता,

शिकलेली माणसं तिखट लिहितात. मी मनावर घेतलं नाही. तुझं पत्र कमिटीत वाचून दाखवलं नाही, हे माझे उपकार समज.

मी एकट्यानं काही ठरवत नाही. म्हणून देवीलाच विचारलं. गुरवानं पहाटे स्नान करून देवीच्या अंगावर फुलं लावली. प्रश्न मी स्वतः सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारला, "आई, पळतीला भीमाप्पाच्याच घरचं माणूस पाहिजे काय?" मग उजवीकडचं फूल पडलं. उजवा कौल. आता सांग, देवीच्या शब्दापुढे मी कोण आणि तू कोण?

तुम्ही धर्म बदललात, ते तुमचं मत झालं. पण देवीनं तुम्हाला बदललेलं नाही. ती अजून तुमच्याच घराकडे बोट दाखवते, याचा खरं तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

स्टेंटचं म्हणशील तर अंतर फार नाही. मांडवामागे ॲम्ब्युलन्स उभी ठेवू, कमिटीच्या खर्चानं. त्यानं फार जोरात पळायलाच पाहिजे असंही नाही. पाठ फिरवून निघाला म्हणजे झालं.

तुझी अंजना आत्या गावात एकटी राहते. नवरा गेल्यावर माहेरी आली, तिला गावानं कधी परकं मानलं नाही. दोन म्हशींवर तिचं सुखानं चाललंय. ते तसंच चालत राहो, अशी देवीपाशी माझी रोजची प्रार्थना आहे.

परशराम अण्णा

*

बेळगाव
११ मार्च २०२५

परशराम अण्णा,

तुमची प्रार्थना देवीला पोचली की नाही ठाऊक नाही, गिरणीवाल्या मष्णूला मात्र लगेच पोचली. आत्या जोंधळे घेऊन गेली तर म्हणाला, पट्टा तुटलाय. तिच्या पुढच्या बाईचं दळून झालं होतं आणि तिच्या मागच्या बाईचंही झालं. मधल्या एका डब्यापुरता पट्टा तुटतो अशी गिरणी तुमच्याच गावात असावी.

डेअरीत तिच्या दुधाला फॅट लागेनासं झालंय. इतकी वर्षं लागत होतं. म्हशी त्याच, वैरण तीच. यात्रा ठरली आणि म्हशींनी फॅट देणं सोडलं. त्यांनाही कौल मिळाला असेल.

रविवारी मी आत्याकडे आले होते. वाटेत तुम्ही दिसलात. मला पाहून तुम्ही देवळाकडे वळलात, तेव्हा दर्शनाची वेळ झाली असावी. मी आत्याला म्हटलं, तक्रार करू, कायदा आहे, मी बरोबर येते. ती म्हणाली, "तू तक्रार करशील आनि बेळगावला जाशील. मला हितंच ऱ्हायाचं हाय." मी तिला शहरातून पिठाच्या पिशव्या नेऊन दिल्या आणि परत आले.

तुम्हाला कधी एकटं बसून असं वाटत नाही का, की देवीला एका विधवेच्या पिठाची इतकी का पडली असावी? जग चालवते म्हणता, तुंगभद्रेपासून कैलासापर्यंत तिचं राज्य, आणि तिचा सगळा कोप हळगुंजीच्या गिरणीत, शेर-दोन शेर जोंधळ्यावर. इतक्या हलक्या मनाची बाई माझ्या ओळखीत नाही. तुम्हीच तिची बदनामी करता, आणि पुन्हा भक्त म्हणवता.

आप्पा पळणार नाहीत. हे शेवटचं.

पारमिता

*

हळगुंजी
३० मार्च २०२५

चि. पारमिता,

गावानं कुणावर बहिष्कार टाकलेला नाही, हे तुला लेखी कळवतो. तसा ठराव नाही, तशी दवंडी नाही. लोक आपापल्या मनानं वागतात. देवीचं काम अडवणाऱ्या घराचं धान्य आपल्या जात्याला लागू नये, असं एखाद्याच्या मनात आलं तर मी काय करू? श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करता येत नाही. हे तर तुमचं संविधानही म्हणतं.

मी आता या विषयावर लिहिणार नाही. देवी आपलं माणूस आपण बोलावून घेते.

परशराम अण्णा

*

(गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलेली चिठ्ठी)

२७ एप्रिल

पारू,

मी हळगुंजीला जातोय. परशरामानं गाडी धाडलीया. म्हैनाभर रोज फोन करतोय त्यो. तुला सांगू नको म्हटला म्हणून सांगितलं न्हाय, रागावू नगंस.

डेअरी घेत न्हाय म्हणून अंजी दूध मोरीत वतती. तुझ्या पिठाच्या पिशव्या किती दिस पुरनार? मी पळायला आलो की गिरणी सुरू करतो, अशी परशरामानं देवीच्या पायाला हात लावून शपथ घेतलीया. माझा देवावर इस्वास न्हाय, पर त्येचा हाय न्हवं, म्हणून शपथ तरी पाळंल.

गोळ्या संगं घेतल्यात. तुझी आई जपून ठेवायची त्यो जुनाच सदरा घातलाय. नवा कशाला घाण करायचा.

तू येऊ नगंस. मला पळताना तू एकदा बघितलंयस. तेवढं बास.

आप्पा

*

हळगुंजी
४ मे २०२५

श्रीमती पारमिता यांस,

यात्रा पार पडली असं लिहायला हात धजत नाही. आपण ती नासवलीत.

भीमाप्पा स्वखुशीनं आला होता. हार घालून त्याला खोपटात बसवलं होतं. आरती झाली, आणि खोपटाला चूड लावायच्या वेळी आपण गर्दी सारून आलात. त्याला दंडाला धरून बाहेर काढलंत, ॲम्ब्युलन्सवाल्याच्या खुर्चीवर बसवलंत आणि त्याच्या गळ्यातला हार आपल्या गळ्यात घातलात. बाईमाणसाला हा मान नाही, असं मी सांगितलं, तर माझंच पत्र काढून माईकवर वाचलंत. देवीनं भीमाप्पाच्या घरचं 'माणूस' मागितलंय, 'गडी' मागितलेला नाही, बाई हे माणूस नव्हे असं गुरवानं सांगावं, असं म्हणालात. एवढ्या बायकांसमोर तो काय बोलणार?

पुढे जे केलंत ते तर आजवर झालं नव्हतं. खोपट पेटलं आणि आपण उलट्या पावलांनी बाहेर आलात. तोंड गावाकडे, पाठ शिवेकडे. पळाला नाहीत, चाललात. अंजनाबाई मागून आपला दंड धरून वाट सांगत होती. मांडवापासून शिवेच्या दगडापर्यंत आपण एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलात. एकाचाही हात उठला नाही. एक गोळा पडला नाही. पळतीच झाली नाही, आणि पाप गावाच्या डोक्यावर तसंच राहिलं.

मागे वळून पाहायचं नाही, हा देवीचा नियम आपण मोडलात. कमिटीच्या वतीनं कळवतो की शुद्धीचा विधी करावा लागेल. त्याआधी आपण देवळासमोर येऊन गावाची माफी मागावी. तोवर अंजनाबाईविषयी लोकांच्या मनात जे आहे त्याला माझा इलाज नाही.

अध्यक्ष, यात्रा कमिटी

*

बेळगाव
१० मे २०२५

परशराम अण्णा,

नियम मी मोडलेला नाही. मागे वळून पाहायचं नाही, एवढाच नियम तुम्ही मला लिहून कळवला होता. मी वळलेच नाही. उलटं चालणं हा आमच्याकडे गुडघ्यांचा व्यायाम आहे. मालुकाकूंना विचारा, त्यांना मीच शिकवलाय. फार तर दोन्ही हात भिंतीला लावून करायचा असतो, मला भिंतीच्या जागी आत्या होती.

खोपटात शिरले तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं, हे खरं सांगते. आप्पांचा हात गार पडला होता आणि अंगात तो डागाचा सदरा होता. मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढे नीट दिसेना, आणि भीतीही वाटत होती. तुम्ही सगळे गोळे घेऊन उभे होतात. हार घालून मी पुन्हा खोपटात गेले, तेवढ्यात आत्या आत आली. आयुष्यभर तुमच्यापुढे मान खाली घालून गेलेली बाई. ती माझ्या कानाशी म्हणाली, "पोरी, ह्यास्नी पाठ दिसली की ह्येंचे हात सुटत्यात. पाठ दावू नगंस. मी धरती तुला."

मग मी बाहेर आले आणि मला तुम्ही सगळे दिसलात. इतकी वर्षं आमच्या घरच्यांनी तुम्हाला त्या वेळी पाहिलंच नव्हतं, पाहायची बंदी होती. मष्णू गिरणीवाला माझ्याकडे न बघता आपल्या पायांकडे बघत होता. डेअरीच्या महादेवला अचानक फोन आला. रविराजनं मोबाईल वर धरला होता, तो खाली घेतला. इतके लोक, आणि माझ्या डोळ्याला डोळा देणारं कुणी नाही. तेव्हा मला कळलं, मागे न बघण्याचा नियम कुणासाठी केलाय. देवीसाठी नाही. शेण टाकताना आपलं तोंड कुणी पाहू नये, म्हणून केलाय. देवाधर्माचं एवढं थोरलं कारण पुढे केलंत आणि त्यामागे लपलात, आणि शेण टाकायचं तेही एका पळणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीमागून.

तुमच्यासमोर मी थांबले. तुम्ही तुमच्या पत्रात ते लिहिलं नाहीत. तुमच्या हातात सगळ्यांत मोठा गोळा होता, अध्यक्षांचा. मी म्हटलं, "अण्णा, टाका की. मान हाय न्हवं?" तुम्ही देवीकडे पाहिलंत, गुरवाकडे पाहिलंत. मग हात हळूच पाठीमागे नेलात. मी पुढे, म्हणजे मागे, चालत गेले. शिवेच्या दगडावर नवं धोतर आणि नारळ ठेवलेला होता. ॲम्ब्युलन्समधून आप्पाही तिथं आले, नारळ आत्यानं तिथंच फोडला आणि आम्ही तिघांनी खाल्ला. गोड होता. धोतर तसंच ठेवून आलो.

माफीचं म्हणाल तर ती मी मागणार नाही. गिरणी अजून बंद आहे. देवीच्या पायाला हात लावून घेतलेली शपथ तुम्ही एक दिवससुद्धा पाळली नाहीत. आप्पा परवा म्हणाले, "त्येचाबी इस्वास न्हाय गं देवावर. मला उगंच वाटलं." ते तुमच्यावर रागावले नाहीत. त्यांना तुमची कीव आली. मला ती येत नाही.

मी आत्याला म्हटलं, आता बेळगावला चल. ती म्हणाली, "मी का जाऊ? बघू की त्येंनी आता माझ्या तोंडाकडं बघून न्हाय म्हणावं." काल ती स्वतः माझ्याबरोबर आली आणि तक्रारीवर तिनं सही केली. सोबत तुमची सगळी पत्रं जोडली आहेत. कौल, म्हशी, प्रार्थना, जातं, देवीचं बोलावणं, सगळं त्यात आहे. वाचणाऱ्याला त्रास होणार नाही, अक्षर सुवाच्य आहे. आणि कागदाला तुम्ही भीत नाही, हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंय.

एक शेवटचं. कमिटीनं शेवटच्या आरतीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकलाय, तो रविराजनं चुकून मलाही पाठवला. तुम्ही गदगेच्या पायऱ्या चढताय, फोटो मागून काढलाय. नव्या पांढऱ्या धोतरावर मागच्या बाजूला पाच बोटं स्पष्ट उमटली आहेत. तुम्हाला ठाऊक नसावं. सगळ्या गावानं पाहिलं आणि कुणी सांगितलं नाही, तुमच्या पाठीमागेच राहिलं ते.

धोतर अजून धुतलं नसेल तर आता घाई करू नका. शेणाचा डाग ओला असतानाच धुवावा लागतो, अण्णा. वाळला की निघत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पारमिता